काळ्या पडद्याचा तुकडा

फोन वाजला तेव्हा चष्मेवाल्यांची दाढी अर्धी झाली होती. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर साबणाचा फेस. तसेच ते बाहेरच्या खोलीत गेले, रिसीव्हर कोरड्या गालाला लावला, आणि पलीकडून एक बाई श्वास न घेता बोलू लागली. "नमस्कार, मी निसर्ग केंद्रातून बोलतेय. पोरं मला खारताई म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, खरं नाव सांगितलं तर कुणाला मी आठवत नाही. रविवारी पानआजींचा कार्यक्रम. दर पानगळीला असतो ना, तोच. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि कार्यक्रम राहिला, पण यंदा लोक सारखे विचारतायत. तुम्ही घ्याल ना? त्या घ्यायच्या तसाच, वेगळं काही नको." चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं ते नाही म्हणायला. लग्नाच्या बैठकीपासून ते सोसायटीच्या मीटिंगपर्यंत ते सगळीकडे नाहीच म्हणत आले होते. पण तोंड उघडल्याबरोबर फेस ओठांवरून आत गेला, जिभेला कडू चव लागली, आणि ती थुंकून टाकायच्या घाईत ते "हो, हो" म्हणून मोकळे झाले. फोन ठेवला, बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, आरशात पाहिलं, आणि मग आपण काय करून बसलो ते त्यांना हळूहळू समजायला लागलं.

त्यांना भीती वाटायला हवी होती. छातीत काहीतरी धडधडत होतं हे खरं, पण ती भीती नव्हती, भीती त्यांच्या चांगली ओळखीची होती. हे लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं होतं, पोटात गुदगुल्या आणि पाय जागेवर न ठरणं. उरलेली दाढी करायचं विसरून ते दोन्ही खोल्यांतून फिरत राहिले, एकदा पंखा लावला, एकदा बंद केला, बायकोच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून पुढे गेले. पानआजी. केंद्रातली मुलं त्यांच्या बायकोला असं म्हणत हे त्यांना माहीत होतं, पण ते नाव कुणाच्या तोंडून आपल्या कानावर कधी पडलं नव्हतं, आज पहिल्यांदाच. ती बोलकी होती. दुकानाचा पुढचा भाग, काउंटर, गिऱ्हाईक, कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं आणि कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत नाही, हे सगळं तिच्याकडे. मागची अंधारी खोली चष्मेवाल्यांकडे. दोहोंच्या मध्ये काळा पडदा. वर्षानुवर्षं त्यांनी तिथे एकेका माणसाचे चष्म्याचे नंबर काढले, आणि माणूस पडद्याच्या बाहेर गेला की पुढचं सगळं तिने बघितलं. पानगळ आली की मात्र एका रविवारी ती सकाळीच पिशवी घेऊन निघून जायची, दुकान त्यांच्यावर टाकून. पहिल्या वर्षी ते म्हणाले होते, "आज दुकान बंद ठेवू. मीही येतो." तर ती दारातच थांबली. "अहो, तुम्ही नका येऊ हं. तुम्ही समोर असलात की मला काही सुचणार नाही." हसत म्हणाली होती. चष्मेवाल्यांनी ते हसणं मनात कितीदा उलटसुलट करून पाहिलं असेल. बरोबर आहे, असं ते स्वतःला सांगायचे. छत्री ठेवायच्या स्टँडसारखा कोपऱ्यात उभा राहणारा नवरा कुणाला हवा असतो? मग कधी विषय निघाला नाही. ती संध्याकाळी यायची, गाल लाल झालेले, केसांत काटक्या, आणि इतकी खूश की स्वयंपाक करताना गुणगुणायची. "काय केलं?" असं विचारलं तर म्हणायची, "पानं बघितली." आणि त्यावर स्वतःशीच हसायची.

म्हणजे गोष्ट अशी होती की जो कार्यक्रम नेहमीसारखा घ्यायचा होता तो चष्मेवाल्यांनी एकदाही पाहिला नव्हता. आणि हे कुणाला सांगायची त्यांची तयारी नव्हती. बायको आपल्याला येऊ देत नव्हती, हे या वयात एका अनोळखी बाईला फोनवर कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले. मनाशी ठरवलं होतं, की आडवळणाने विचारायचं. केंद्र म्हणजे तळ्याकाठची एक बैठी लांब इमारत, आत लाकडी बाकं, भिंतींवर पक्ष्यांची चित्रं, आणि ओल्या मातीचा, डिंकाचा आणि लहान मुलांच्या बुटांचा मिळून एक वास. दाराशी मोठा फळा होता, त्यावर रंगीत खडूंनी पानगळीचे कार्यक्रम लिहिलेले. चिखलातले ठसे ओळखणे. बियांच्या माळा. पक्ष्यांसाठी घरटी, पालकांनी हातोडी आणावी. आजी-आजोबांसोबत तळ्याची फेरी. चष्मेवाल्यांनी सगळं वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लेकीच्या लहानपणी असं ठिकाण घरापासून इतक्या जवळ होतं आणि आपण तिला एकदाही आणलं नाही, असं वाटलं, आणि लगेच वाटलं की आणायला आपल्याला जमलं नसतं, इथे आल्यावर कुणाशी तरी बोलावं लागलं असतं. रविवारच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत होतं, पानआजींचा कार्यक्रम, सहकुटुंब. त्याखाली पुसट निळ्या खडूत कुणीतरी लिहून खोडलं होतं, चेहरे रंगवणे. तेवढ्यात खारताई आली. बारीक, तरतरीत, गळ्यात शिट्टी, आणि खरंच झाडावरून उतरल्यासारखी थांबत थांबत आणि मध्येच सुसाट धावत आली.

"बरं झालं आलात. मला वाटलं ऐन वेळी नाही म्हणाल. तुमची लेक म्हणाली होती, बाबांना विचारून बघा, पण नाहीच म्हणतील."

"लेकीनं सांगितलं तुम्हाला?"

"नंबर तिनेच दिला ना. ती पण येतेय रविवारी." ती खिडकीतून कुणाला तरी हातवारे करत बोलत होती. "मी नवीन आहे इथे. पानआजींना मी पाहिलंच नाही. पण जो येतो तो सांगतो, खरा कार्यक्रम तो. कमिटीचं म्हणणं असं की म्हातारी गेली, आता ती वेळ चेहरे रंगवायला द्या, त्याला गर्दी होते. मी म्हटलं, एकदा होऊ दे, मग ठरवा. तर आता सगळं तुमच्यावर आहे बघा."

"म्हणजे रविवारी नीट झालं नाही, तर..."

"तर वाघ, फुलपाखरू आणि मांजराच्या मिश्या," खारताई म्हणाली. "मला मिश्या रंगवायचा भयंकर कंटाळा येतो, म्हणून सांगते."

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. "त्या नेमकं... सुरुवात कशी करत?"

"हे तुम्ही मला विचारता?" ती हसली. "तुमच्या घरातलं. थांबा, त्यांची पेटी देते."

पेटी पत्र्याची होती, बिस्किटांच्या मोठ्या डब्यासारखी. घरी येईपर्यंत चष्मेवाल्यांनी ती दोन्ही हातांत छातीशी धरली, बसमध्ये जागा असून बसले नाहीत. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी झाकण उघडलं तेव्हा त्यांना स्वतःचंच हसू येत होतं. आत होतं ते असं: सुतळीचं एक भेंडोळं. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. एका पुठ्ठ्याच्या घडीत दाबलेली सुकी पानं, तांबडी, पिवळी, काही निम्मी हिरवी. काळ्या जाड कापडाचा एक तुकडा. आणि ती फ्रेम. नंबर काढताना माणसाच्या नाकावर चढवायची ती जड, गोल, काचा सरकवायच्या खाचांची फ्रेम, जी हरवली म्हणून चष्मेवाल्यांनी एके काळी सगळं दुकान पालथं घातलं होतं, ड्रॉवर काढून उलटे केले होते, आणि बायको काउंटरवर बसून अगदी शांतपणे म्हणाली होती, "असेल कुठेतरी. नवी मागवा ना, ती तशीही जुनी झाली होती." त्यांनी नवी मागवली होती. ते आता जुन्या फ्रेमकडे बघत बसले. चोर घरातच होता तर. कापडही त्यांनी ओळखलं. अंधाऱ्या खोलीचा पडदा एकदा खालून फाटला तेव्हा नवा केला होता, त्या जुन्याचा हा तुकडा. पण या सगळ्याचं ती करत काय असेल? त्यांनी कापड टेबलावर पसरलं, त्यावर एक तांबडं पान ठेवलं. काळ्यावर तांबडं फार सुंदर दिसलं. अच्छा, म्हणजे हे असं. पानं नीट दिसावीत म्हणून काळं कापड. फ्रेम मुलांना खेळायला. सुतळी पानांच्या माळा करायला. त्यांनी मान डोलावली. आणि मग ती अर्थातच पानांविषयी माहिती सांगत असणार. माहिती तर आपल्यालाही सांगता येईल. निदान वाचता तरी येईल.

पुढचे दिवस त्यांनी आयुष्यात कधी घालवले नव्हते अशा नशेत घालवले. वाचनालयातून पुस्तकं आणली, इतकी की तिथला माणूस म्हणाला, "परीक्षा आहे का काका?" आणि त्यांनी चक्क उत्तर दिलं, "हो, रविवारी." पानातला हिरवा रंग आधी का जातो, पिवळा आधीपासूनच आत असतो पण दिसत नाही, तांबडा मात्र शेवटी शेवटी नव्याने तयार होतो, झाड आपल्या पानाच्या देठाशी हळूहळू एक भिंत कशी बांधतं, आणि एके दिवशी वाऱ्याचं निमित्त होऊन पान सुटतं. वाचता वाचता ते उठून उभे राहायचे. हे सगळं इतकी वर्षं डोक्यावर चाललं होतं आणि ते खाली अंधाऱ्या खोलीत बसून होते. बागेत जाऊन त्यांनी रिकाम्या बाकांसमोर भाषणाची तालीम केली. "मित्रहो," असं म्हणून बघितलं, ते फार निवडणुकीचं वाटलं. "बालमित्रहो" म्हटलं, ते रेडिओवरचं. कावळे ऐकत होते. एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन बाजूने गेली तेव्हा त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं आणि झाडाच्या खोडाकडे असं बघत राहिले जणू काही खोडाशीच बोलत होते. वाटलं, हे जमणार नाही. थोडं पुढे गेल्यावर वाटलं, पण का नाही जमणार? ही दोन मतं त्यांच्या डोक्यात दिवसभर भांडत, आणि त्या भांडणाचाच त्यांना असा तजेला आला होता की शेजारीण म्हणाली, हवा बदलून आलात की काय. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही खरंच हो म्हणालात?"

"तोंडात साबण होता."

"काय?"

"काही नाही. हो म्हणालो."

"लोकांसमोर बोलणार तुम्ही? माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला तुम्ही जिन्याखाली उभे होता."

"तिथून चांगलं दिसत होतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, अगदी सहज विचारल्यासारखं, "तू पाहिला होतास का गं आईचा कार्यक्रम?"

"मी कुठली पाहणार? रविवारी मला इकडे सुट्टी नसते. तिला विचारलं की म्हणायची, बाबांना विचार, ते रोज करतात तेच मी करते. मला काही कळलं नाही. तिचं काहीतरी असायचं आपलं."

फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांना ते वाक्य सोडेना. ते रोज करतात तेच. ते रोज काय करत होते? पुस्तक वाचत होते. जेवण झाल्यावर, गिऱ्हाईक नसलं की, बसमध्ये, सगळीकडे. म्हणजे ती पुस्तकातूनच वाचून दाखवत असणार. त्यांचा अंदाज बरोबर ठरला म्हणून ते खूश झाले आणि पिशवीत आणखी एक पुस्तक घातलं.

रविवारी ऊन असं पडलं होतं की केंद्रामागच्या तळ्याकाठची झाडं आतून पेटवल्यासारखी दिसत होती. वारा नव्हता, तरी पानं एकेक करून सुटत होती. बाकं भरली. कडेवरची मुलं, हातातली मुलं, बाकाखाली शिरलेली मुलं, मुलांचे आईबाप, आणि मागे भिंतीला टेकून काही म्हातारे, ज्यांना पाहून चष्मेवाल्यांना जरा धीर आला. लेक शेवटच्या बाकावर होती. प्रवासात चुरगळलेली ओढणी, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो शाळेत तिचं नाव पुकारायच्या आधी त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. खारताईने शिट्टी फुंकली आणि म्हणाली, "पानआजींचे आजोबा." सगळे हसले. चष्मेवालेही हसले. त्यांनी काळं कापड टेबलावर पसरलं, वर पानं मांडली, पहिलं पुस्तक उघडलं, आणि उभे राहिले. पुढे काय झालं ते त्यांना नंतर नीट आठवलं नाही. समोर इतके डोळे होते. आयुष्यभर त्यांनी डोळेच पाहिले होते, पण एका वेळी एकाचे, आणि तेही अंधारात, त्यांच्या स्वतःच्या दिव्याच्या उजेडात. हे सगळे एकदम त्यांच्याकडे बघत होते. "पानं हिरवी असतात," ते म्हणाले. एका बाळाने टाळी वाजवली. "आणि मग... नसतात." पुढची ओळ पुस्तकात होती, पुस्तक हातात होतं, अक्षरं जागच्या जागी होती, आणि तरी ती वाचता येईनात. मागे कुणीतरी खोकलं. बाक करकरलं. चष्मेवाल्यांना फळ्यावरचा तो पुसट निळा खडू दिसला, चेहरे रंगवणे, आणि त्यांना इतकं स्पष्ट कळलं की आता तिची ती वेळ गेली, आपल्या हातातून गेली, की त्यांचे डोळे चुरचुरले. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"आजोबा," पहिल्या बाकावरून आवाज आला. दोन घट्ट वेण्या, वर्गाची मॉनिटर असावी असा चेहरा. "तुमचं चुकतंय. आधी पडदा लावायचा."

"कुठला पडदा?"

"हा काय, टेबलावर घातलाय तुम्ही. तो काय टेबलक्लॉथ आहे? तो बाहेर लावायचा. दोन झाडांना सुतळी बांधायची आणि त्यावर चिमट्यांनी लावायचा."

"बाहेर?"

"दुकान बाहेर असतं," ती वेणीवाली म्हणाली, अगदी न समजणाऱ्या माणसाला सांगावं तसं. आणि तेवढ्यावर तीन-चार मोठी मुलं उठली, जी पूर्वी येऊन गेली होती ती, आणि पेटीतली सुतळी आणि चिमटे घेऊन मागच्या दाराने पळाली. मग लहान उठली. मग आईबाप. हॉल बघता बघता रिकामा झाला, आणि चष्मेवाले पुस्तक हातात घेऊन त्यांच्यामागून उन्हात आले तेव्हा दोन झाडांच्या मध्ये सुतळी ताणली गेली होती, तिच्यावर काळ्या कापडाचा तुकडा लोंबत होता, कुणीतरी पडद्यामागे दोन स्टुलं समोरासमोर ठेवली होती, आणि पडद्याअलीकडे एक बाक ओढून आणून त्यावर माणसं ओळीने बसूनही गेली होती, आपापल्या पाळीची वाट बघत. बाकाच्या टोकाशी एक छोटी मुलगी काउंटरवरच्या बाईसारखी उभी राहून म्हणत होती, "बसा, बसा, आत माणूस आहे. घरचे सगळे बरे ना?" चष्मेवाले जागच्या जागी थांबले. दुकानात त्या बाकावर वर्तमानपत्र असायचं. इथे भिंत, तिथे अक्षरांचा तक्ता. हे त्यांचं दुकान होतं. छप्पर काढून नेलेलं, झाडांत आणून मांडलेलं, पण बाकाची जागासुद्धा तीच.

"आता तुम्ही आत बसायचं," वेणीवालीने त्यांना दंडाला धरून पडद्यामागे नेलं. "एक एक जण येणार. त्याला ही फ्रेम घालायची. मग तुम्ही एक पान धरायचं आणि मग दुसरं धरायचं, आणि विचारायचं. पण आधी असं करायचं." तिने घसा साफ केला, दोनदा, दुसऱ्या वेळी जरा जोरात. मग मनगटाच्या मागच्या बाजूने नाकावरचा नसलेला चष्मा वर ढकलला, बोटं काचेला लागू नयेत म्हणून अधांतरी उचललेली. आणि आवाज खाली, अगदी खाली आणून, पोरीला शोभणार नाही अशा मऊ, सावकाश स्वरात म्हणाली, "पहिलं बरं, की दुसरं? घाई नाही. इथे चूक काही नसतं. मी पुन्हा दाखवीन." मग नेहमीच्या आवाजात, "असं. पानआजी असंच करायची. कुणासारखी करायची माहीत नाही, पण आम्ही खूप हसायचो. आणि नंतर हसायचो नाही."

चष्मेवाल्यांचं स्वतःचं मनगट तेव्हा नाकापाशी पोचलं होतं. ते तिथेच राहिलं. किती हजार वेळा त्यांनी हे केलं असेल, आणि एकदाही केल्याचं त्यांना माहीत नव्हतं. अंधारात कोण बघणार? पण पडद्यापलीकडे काउंटरवर ती होती, हिशेब करत, लोकांशी बोलत, आणि सगळा वेळ एक कान इकडे. एकदा म्हणाली होती, "आत गेलात की तुम्ही वेगळेच असता." त्यांना तो टोमणा वाटला होता, बाहेर आपण काही कामाचे नाही, असा. अगं, मग सांगायचंस. ते एकदम उठले आणि पुन्हा बसले. तुम्ही समोर असलात की मला काही सुचणार नाही. कसं सुचेल? ज्याची नक्कल करायची तो माणूस समोर येऊन बसला तर कुणाला सुचेल? त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं, आणि ते हसले, पडद्यामागे, एकटेच, वेणीवालीच्या देखत.

"पाठवू का पहिला?" तिने विचारलं.

"पाठव," चष्मेवाले म्हणाले.

पहिला आला तो एक लठ्ठ बाप, स्टुलावर कसाबसा मावणारा, मुलांनी आधी त्याला ढकललेला. चष्मेवाल्यांनी त्याच्या नाकावर फ्रेम चढवली, कानामागे दांडी बसवली, आणि त्यांच्या बोटांना सगळं आठवलं. घसा दोनदा साफ झाला, न ठरवता. पिवळं पान धरलं, मग तांबडं. "पहिलं बरं, की दुसरं?"

"दोन्ही चांगलीच आहेत की हो," बाप म्हणाला.

"घाई नाही. इथे चूक काही नसतं. मी पुन्हा दाखवीन." पिवळं. तांबडं. बाप थोडा पुढे झुकला. चष्मेवाल्यांना तो क्षण चांगला ओळखीचा होता. माणूस उत्तर द्यायचं थांबवतो आणि खरंच बघायला लागतो तो क्षण. बापाचा श्वास हळू झाला. "हे पिवळं," तो म्हणाला, "याच्या शिरा अजून हिरव्या आहेत. मी आधी पाहिलंच नव्हतं. हे द्या." पान घेऊन तो बाहेर गेला तेव्हा बाकावरच्यांनी विचारलं, काय झालं आत, आणि तो म्हणाला, "जाऊन बघा." मग ओळ सरकत राहिली. एका मुलाला तिसरं पान हवं होतं, जे अजून झाडावर होतं, तर त्याच्यासाठी वाट बघावी लागली. एक म्हातारे गृहस्थ दोन्ही पानं पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि शेवटी दोन्ही घेऊन गेले, नियम मोडून. दाबलेली पानं संपली तेव्हा मुलं खालची ताजी वेचून आणू लागली, पडद्याच्या खालून हात आत घालून देऊ लागली. चष्मेवाल्यांनी कुणालाच देठाशी बांधली जाणारी भिंत आणि आतला पिवळा रंग सांगितला नाही. एका मुलीनेच विचारलं, "हा पिवळा आला कुठून?" तेव्हा ते पुढे झुकून, तिच्याच कानाशी, म्हणाले, "तो आधीपासून आत होता. हिरवा गेला म्हणून दिसायला लागला." मुलगी म्हणाली, "खरंच?" ते म्हणाले, "मला तर हे आत्ताच कळलं." खारताई एकदा पडदा बाजूला करून डोकावली, बाहेरच्या ओळीकडे पाहिलं, आणि शिट्टी न वाजवता निघून गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, ती कुणाला तरी सांगत होती की पुढच्या वर्षी दोन बाकं लागतील.

लेक शेवटी आली. स्टुलावर बसली, फ्रेम घालून घेतली, आणि तिने लहानपणी बसायची तसेच हात मांड्यांखाली घातले. ते पान धरणार तेवढ्यात म्हणाली, "बाबा, ही आईने तुमची नक्कल केलीय."

"हो."

"आणि तुम्ही आता तिची करताय."

चष्मेवाल्यांनी पिवळं पान धरलं, मग तांबडं. तिने तांबडं घेतलं. बाहेर जाता जाता थांबून म्हणाली, "जिन्याखालून खरंच चांगलं दिसत होतं का?" ते म्हणाले, "तुझं रिबिनीचं फूल दिसत होतं." ती गेली.

त्यांना वाटलं संपलं. ते उठणार, तर वेणीवाली पडद्याआड आली, त्यांना समोरच्या स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या जागी स्वतः बसली. "आता तुमचं," ती म्हणाली. "शेवटी नेहमी आजी बसायची आणि आम्ही विचारायचो. चष्मा काढा. त्याच्यावर फ्रेम बसत नाही." चष्मेवाल्यांनी आपला चष्मा काढून खिशात ठेवला. जग लगेच विरघळलं, झाडं, तळं, पडदा, पोरगी, सगळ्याच्या कडा एकमेकांत गेल्या. नाकावर जड फ्रेम आली, तिच्या खाचा रिकाम्या, काचा नसलेल्या. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या नाकांवर चढवली, पण ती एवढी थंड लागते हे त्यांना माहीत नव्हतं. समोरून घसा साफ केल्याचा आवाज आला, दोनदा, दुसऱ्या वेळी जरा जोरात. उजेडात एक तांबूस डाग वर आला, थरथरला, खाली गेला. मग दुसरा आला, जरा पिवळा, किंवा तसाच. आणि एक मऊ, सावकाश आवाज, त्यांचा, तिचा, म्हणाला, "पहिलं बरं, की दुसरं? घाई नाही."

वरून एक पान सुटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला, अगदी बारीक. चष्मेवाले पुढे झुकले, हात मांड्यांखाली घातले, आणि डोळे ताणून बघायला लागले.

"पुन्हा एकदा दाखव," ते म्हणाले.